टेनिस एल्बो: इंजेक्शन घ्यावं, व्यायाम करावा की नुसती वाट पाहावी?

कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर दाबलं की कळ येते, धुणं पिळताना कळ येते, भरलेलं पातेलं उचलताना हातातून सुटेल असं वाटतं. हा बहुधा टेनिस एल्बो. सचिनला २००४ मध्ये झाला तेव्हा हे नाव घरोघरी पोचलं, पण चाळिशी-पन्नाशीत तो पोळ्या लाटणाऱ्या आणि दिवसभर पाना फिरवणाऱ्या हातांनाही गाठतो. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूचा कंडरा हाडाला चिकटतो तिथे ताण साचून कमकुवत होतो. दुखणं कोपराच्या आतल्या बाजूला असेल तर तो गोल्फर्स एल्बो. करंगळीला मुंग्या येत असतील तर संशय नसेवर, आणि मग खालचा हिशोब लागू नाही.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा मोह समजण्यासारखा आहे, कारण आठवड्याभरात आराम पडतो. ब्रिस्बेनमधल्या १९८ रुग्णांच्या अभ्यासात (२००६) सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाल्यांपैकी ७८ टक्के बरे होते, फिजिओथेरपीवाले ६५ टक्के, काहीच न करणारे जेमतेम २७. इथवर इंजेक्शनच सरस. पण पुढे त्याच ७८ टक्केवाल्या गटात ७२ टक्के जणांचं दुखणं उलटलं, आणि वर्षअखेर काहीच न करणारेही त्यांच्या पुढे निघून गेले! मधुमेह असेल तर सुईनंतर काही दिवस साखर वाढते, हेही आधी विचारून घ्या.

व्यायाम कंटाळवाणा, पण फुकट. हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर, मुठीत अर्धा किलोचं वजन. दुसऱ्या हाताने मनगट वर आणायचं आणि दुखऱ्या हाताने सावकाश खाली सोडायचं. दहा-पंधरा वेळा, तीन फेऱ्या. थोडं दुखलं तर चालतं. रात्रभर ठणकलं तर वजन कमी करा. सहा ते बारा आठवडे धीर धरावा लागतो.

वाट पाहणं वेडेपणाचं नाही. बहुतेकांचं वर्षभरात आपोआप बरं होतं, फक्त पिशव्या तळवा वर ठेवून उचलायच्या आणि कपडे पिळायला दुसऱ्या कुणाला तरी लावायचं. पट्टा आणि वेदनाशामक जेल सोबतीला ठीक. महागड्या पीआरपीच्या (आपल्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग टोचतात त्या) सुईवर मात्र मी पैसे घालणार नाही. तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या खोट्या इंजेक्शनपेक्षा तिचा ठळक फायदा चाचण्यांत दिसलेला नाही.

माझं मत व्यायामाकडे. कोपर लाल-गरम होऊन ताप आला किंवा पडल्यावर हात सरळच होईना, तर मात्र यातलं काही न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.