पाळीची तारीख विचारणारं ब्राचं दुकान

महाद्वार रोडच्या आतल्या बोळात, जिना चढून वर. पाटी लहान आहे, सहज चुकते. काकू आणि त्यांची सून, दोघीच दुकान बघतात. टेप हातात घ्यायच्या आधी काकू विचारतात, "पाळी कधी आलेली?" दुसरीकडे कुणी असं विचारलं असतं तर मी पर्स उचलून खाली उतरले असते. इथं मात्र त्या प्रश्नासाठीच मी मैत्रिणींना पाठवते.

कारण छातीचं माप महिनाभर एक राहत नाही. पाळीनंतरच्या आठवड्यात स्तन सगळ्यात हलके असतात. बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं, आतल्या दूधग्रंथी फुगतात, भोवती पाणी धरतं. मग आधी नीट बसलेला कप पाळीच्या तोंडावर काचायला लागतो, काखेपर्यंत ठणका जातो. पाळी आली की संप्रेरकं उतरतात आणि सूजही. त्यामुळे नुसतं "चौतीस बी" म्हणून ब्रा हातात ठेवणाऱ्या दुकानांचं मला नवल वाटतं.

काकूंचा हिशोब सरळ आहे: पट्टा नेहमीच्या दिवसांच्या मापाचा, आणि पाळीआधीच्या दिवसांसाठी एक बिनतारेची, ताणाच्या कापडाची, कपात थोडी सैल. शिवाय मागे जोडायची जादा हुकांची पट्टी. ती किरकोळ किमतीत मिळते आणि नवीन ब्राचा खर्च वाचवते. हे विकणारीच सांगते, म्हणून जास्त पटतं.

मी औषधांच्या दुकानात काम करते. पाळीआधी छाती दुखते म्हणून बायका इव्हनिंग प्रिमरोजच्या, म्हणजे एका फुलझाडाच्या बियांच्या तेलाच्या, कॅप्सूल मागतात. महाग असतात, आणि चाचण्यांत त्या औषध नसलेल्या कॅप्सूलपेक्षा फारशा सरस ठरलेल्या नाहीत. नीट आधार देणारी ब्रा मात्र डॉक्टरही आधी सुचवतात. माझा स्वतःचा रात्रीचा त्रास तिनंच कमी झाला, झोपताना मऊ ब्रा घालायला लागल्यापासून.

आता तक्रारी. ट्रायल रूमला दार नाही, पडदा आहे, तोही आखूड. मोठे कप मागवून घ्यावे लागतात. रंगांत बदामी आणि काळा, बस्स. सून लांबूनच नजरेनं माप सांगते, ते ऐकू नका, काकूंकडूनच घ्या.

मागच्या वेळी माझ्यापुढे एक मुलगी होती, एका बाजूला गाठ लागते म्हणाली. पाळी होऊन गेली तरी तशीच आहे का, काकूंनी विचारलं. ती हो म्हणाल्यावर टेप गुंडाळून ठेवली आणि आधी डॉक्टरला दाखवून ये म्हणून सांगितलं. गिऱ्हाईक गेलं, पण बरोबर केलं. पाळीच्या सुजेनं येणारा गाठाळपणा बहुतेक दोन्हीकडे असतो आणि पाळीनंतर ओसरतो, न ओसरणारी गाठ तपासायलाच हवी.

पाचपैकी चार तारे. एक त्या पडद्याचा कापला. माप द्यायला पाळी संपल्यावर जा, आणि दुपारी एक ते चार टाळा, कुलूप असतं.