रानात इंधन नेताना: कॅन की पिशवी?

पंपापासून दूर उतरायचे आणि परतीचे इंधन बरोबर न्यायचे, तर लहान विमानाला मुळात दोनच पर्याय उरतात: वीस लिटरचे कॅन किंवा घडी होणारी पिशवी, म्हणजे फ्युएल ब्लॅडर. (त्या जागी आधीच कोणी २०० लिटरचे पिंप ठेवले असेल तर प्रश्न वेगळा, मग हातपंप न्या आणि पिंपात पाणी शिरले नाही ना तेवढे बघा.) मी दोन्ही वापरले आहेत.

पिशवीची मोहिनी मला मान्य आहे. रिकामी झाली की गुंडाळून सीटमागे सारता येते. कॅन मात्र रिकामे झाले तरी भरलेल्याइतकीच जागा अडवतात, आणि सुपर कबसारख्या अरुंद विमानात परतीचे सामान कुठे कोंबायचे हा खरा प्रश्न होतो. शिवाय पिशवी जमिनीवर ठेवून पंपाने इंधन वर चढवता येते. वीस लिटर ॲव्हगॅस (विमानाचे पेट्रोल) म्हणजे साडेचौदा किलोच्या आसपास, वर कॅनचे वजन. एक पाय स्ट्रटवर (पंखाला आधार देणाऱ्या तिरक्या दांड्यावर) ठेवून, वाऱ्यात, ते ओझे पंखातल्या टाकीपर्यंत उचलायचे आणि नरसाळ्यात धार नीट धरायची, हे पाठीला काही सुखाचे नाही.

तरीही मी कॅनवर परतलो, आणि त्याला एकच कटकट कारणीभूत झाली: पिशवीतून टाकीत नेमके किती गेले ते कळत नाही. इंधन संपत आले की पंप हवा ओढू लागतो, शेवटचे काही लिटर घड्यांत अडकतात, आणि आपण गुडघ्यावर बसून ती पिशवी टूथपेस्टच्या नळीसारखी पिळत राहतो. पंपाला मीटर लावला तरी तो हवाही मोजतो. मग मोजपट्टी घालून बघावे म्हटले, तर नदीच्या गोट्यांवर विमान क्वचितच सरळ उभे असते. मोजपट्टीच्या खुणा ठरलेल्या स्थितीसाठी असतात. एक पंख खाली असला की ती खुशाल खोटे सांगते. त्यात सेसना १८० सारख्या विमानात सिलेक्टर (कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचे ते ठरवणारी कळ) ‘बोथ’वर, म्हणजे दोन्ही टाक्यांवर, राहिला, तर वरच्या टाकीतले इंधन हळूहळू खालच्या टाकीत उतरते, आणि ती भरलेली असली तर व्हेंटमधून (टाकीच्या हवेच्या नळीतून) जमिनीवर. (उतारावर थांबताना सिलेक्टर एका बाजूला करून ठेवावा, पिशवी असो वा कॅन.)

कॅनचे तसे नाही. घरून वीस लिटरच्या खुणेपर्यंत भरले, तिथे दोन रिकामे केले, चाळीस गेले. सांडले तर डोळ्यांसमोर सांडते. परतीच्या वाटेवर ढग आडवे आले आणि वळसा घ्यावा लागला, तर एवढा साधा हिशोबही फार धीर देतो.

पाण्याच्या बाबतीत दोन्ही सारखेच. पाणी अडवणारे जाळीचे नरसाळे कॅनला लागतेच, पिशवीच्या पंपालाही फिल्टर हवाच, आणि भरून झाल्यावर थोडे थांबून सम्प काढायचाच, म्हणजे टाकीच्या तळाचे थोडे इंधन काढून त्यात पाणी आहे का ते बघायचे. अर्धपारदर्शक कॅनमध्ये तळाचा थेंब निदान दिसतो, ही कॅनची किरकोळ बाजू. स्थिर विद्युत मात्र गांभीर्याने घ्या. प्लास्टिकच्या कॅनला तार जोडून उपयोग नाही, कारण प्लास्टिक वीज वाहत नाही. तार धातूच्या किंवा वीजवाहक नरसाळ्यातून विमानाला जोडा, ओतताना कॅनचे तोंड नरसाळ्याला टेकवून ठेवा, आणि धार सावकाश सोडा. कॅन भरतानाही तो विमानात किंवा गाडीत नको, जमिनीवर हवा.

केबिनमध्ये वास दोन्हींचा येतो. उंचीवर कॅन फुगतात, म्हणून उतरल्यावर झाकण बाहेर नेऊनच उघडा. पिशवीला मात्र अधिक दमदार बांधणी लागते: ऐंशी लिटर म्हणजे ५८ किलोंचे हलते ओझे. केबिनमधून इंधन नेण्याचे नियमही देशोदेशी वेगळे आहेत, ते आधी बघून घ्या.

पाठ दुखरी असेल, किंवा दर खेपेला शंभर लिटरहून जास्त न्यायचे असेल, तर पिशवी घ्यायला माझी हरकत नाही. फक्त ती भरताना किती लिटर घातले ते लिहून ठेवा, आणि तळाशी अडकणारे इंधन टाकीत गेलेच नाही असे धरून चाला. चाळीस-साठ लिटरचे काम असेल, तर माझ्या मते दोन-तीन चांगले कॅन आणि एक चांगले नरसाळे पुरे.