व्हीएमला (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरला) नेट येत नाहीये: नॅट ठेवू की ब्रिज्ड?
गेस्टमधून (म्हणजे व्हीएममधून) फक्त ब्राउझिंग, अपडेट एवढंच करायचं असेल तर नॅटच ठेवा, त्यात गेस्ट होस्टच्या (मूळ कॉम्प्युटरच्या) आडून नेट वापरतो, व्हर्च्युअलबॉक्समध्ये (व्हीएम चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) गेस्टला बहुतेक वेळा १०.०.२.१५ हा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळतो आणि होस्टचं नेट चालू असलं की याचंही चालतं, फक्त बाहेरून गेस्टपर्यंत पोचायला पोर्ट फॉरवर्डिंग (होस्टच्या एका पोर्टवर आलेलं गेस्टकडे वळवणं) करावं लागतं.

ब्रिज्डमध्ये गेस्ट थेट राउटरकडून आयपी घेतो, सर्व्हर चालवायला मला हेच आवडतं, पण वायफायवर कधी कधी अडतं कारण बरेच ॲक्सेस पॉइंट एका कनेक्शनवर दुसरा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) चालवूनच घेत नाहीत. १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी दिसला म्हणजे डीएचसीपीचं (आपोआप आयपी देणाऱ्या सेवेचं) उत्तरच आलं नाही, तेव्हा ब्रिज होस्टच्या चुकीच्या नेटवर्क कार्डाला तर नाही ना ते आधी बघा.

नक्की कुठे बिघडलंय कळत नसेल तर तात्पुरतं नॅट लावा, चाललं तर गेस्ट ठीक आहे.