एकच पुस्तक की एकच विषय? गावभर वाचनाचा उपक्रम ठरवताना

सगळ्यांनी मिळून वाचायचं हे ठरलं, की पहिल्याच बैठकीत दोन मतं पडतात. सगळ्यांच्या हाती एकच पुस्तक द्यावं, की एक विषय ठरवून त्यावरची वीस-पंचवीस पुस्तकं मांडावीत आणि ज्याला जे रुचेल ते त्यानं उचलावं? मी दोन्ही करून पाहिलं आहे. आधी एक हंगाम एकच पुस्तक, मग दोन हंगाम विषय, आणि त्यानंतरचे दोन हंगाम पुन्हा एकच पुस्तक. वाचककट्टा कसा भरवतात, नोंदणी कशी ठेवतात हे तुम्हाला ठाऊकच असेल, म्हणून निर्णय जिथे अडतो तेवढंच लिहितो.

एका पुस्तकाची कल्पना अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराची. तिथल्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी 1998 साली ती मांडली. सगळ्या सिअ‍ॅटलनं एकच पुस्तक वाचलं तर, हेच उपक्रमाचं नाव होतं. 2001 मध्ये शिकागोनं हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी निवडली आणि तिथून ही रीत शहरोशहरी गेली. डब्लिनमध्ये 2006 पासून ती एप्रिल महिन्याशी जोडलेली आहे. अमेरिकेत सरकारी पैसाही यात आला, त्यामागे एक काळजी होती. 2002 सालच्या पाहणीत वर्षभरात कथा, कविता किंवा नाटक यांतलं काहीही वाचलेल्या प्रौढांचं प्रमाण निम्म्याच्या खाली गेलेलं दिसलं. ‘नॅशनल एन्डाउमेन्ट फॉर द आर्ट्स’ या कलांना अनुदान देणाऱ्या सरकारी संस्थेनं मग 2006 मध्ये दहा ठिकाणी ‘बिग रीड’ नावाचा असाच एका पुस्तकाचा उपक्रम करून पाहिला आणि पुढच्या वर्षी तो देशभर नेला.

आता विषयाची बाजू. ती मनापासून मांडतो, कारण दोन हंगाम मी तिच्याच बाजूनं होतो.

विषय ठरवला की निवडीचं भांडण जवळजवळ संपतं. एका पुस्तकावर एकमत होणं किती कठीण, हे 2002 साली न्यूयॉर्कमध्ये दिसलं. निवड समितीत दोन पुस्तकांवरून तट पडले आणि अख्ख्या शहराचं असं एक पुस्तक ठरू शकलं नाही. आमच्याकडेही पहिल्या हंगामात तीन बैठका निवडीतच गेल्या होत्या. कुणाला पुस्तक जड वाटे, कुणाला फार उदास, कुणाला ते मुलांच्या हाती द्यायला नको असे. शेवटी कुणालाच न दुखावणारं एक पुस्तक उरलं, आणि त्यावर बोलण्यासारखंही फारसं काही नव्हतं. पुढच्या वर्षी ‘पाणी’ हा विषय घेतला तेव्हा समिती एका बैठकीत मोकळी झाली. प्रवासवर्णन, कविता, कादंबरी, विहिरींचा इतिहास, मुलांची चित्रपुस्तकं असं सगळं मांडता आलं. प्रत्येकाची एक-दोन प्रत पुरली. जाड पुस्तकाला बिचकणाऱ्यानं पातळ घेतलं. मोजदाद ठेवली नव्हती, पण नावं नोंदवायला आलेली माणसं मला आदल्या वर्षापेक्षा जास्त वाटली.

आणि मग चर्चेचा दिवस आला. पंधरा माणसं, पंधरा पुस्तकं. पहिल्यानं आपल्या पुस्तकाचं कथानक सांगितलं, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. बाकीचे आदरानं ऐकत होते, पण कुणालाच कुणाशी सहमत होता येईना की वाद घालता येईना, कारण ते पुस्तक दुसऱ्या कुणी वाचलेलंच नव्हतं. दीड तास असाच गेला. हेही एक वेळ चाललं असतं. गोष्टी ऐकायला कुणाला आवडत नाहीत?

पण प्रत्येक वेळी एका ठिकाणी गाडी अडायची. सांगणारा शेवटाजवळ आला की कुणीतरी हात वर करायचं: “शेवट सांगू नका हं, मला वाचायचंय!” मागणी अगदी रास्त. पुस्तकाची गोडी लागल्याचीच ती खूण, त्यामुळे तिला नाही म्हणणार कसं? सांगणारा थांबायचा, “तर असं आहे एकूण” म्हणायचा आणि खाली बसायचा. एका बाई एरवी बैठकीत फारशा बोलत नसत. त्या दिवशी त्या दोन बहिणींच्या कादंबरीबद्दल सांगायला उभ्या राहिल्या. धाकटी कित्येक वर्षांनी घरी परतते आणि थोरली दार उघडते, इथवर आल्या आणि हात वर झाला. त्या थांबल्या. नंतर खुर्च्या आवरताना माझ्याजवळ आल्या आणि उभ्याउभ्या वीस मिनिटं त्या शेवटाबद्दलच बोलत राहिल्या. थोरलीनं जे केलं ते बरोबर होतं का, आपण काय केलं असतं. त्या दिवसातली सगळ्यात चांगली चर्चा ती होती, आणि ती ऐकायला एकटा मी होतो. तेही पुस्तक न वाचलेला.

दुसऱ्या वर्षी विषय बदलला, पण अडचण तीच राहिली. शेवटाबद्दल बोलायचं नाही असा नियमच करून पाहिला, तर लोक पुस्तकांची शिफारस करून खाली बसू लागले. माणूस पुस्तक मिटल्यावर ज्या गोष्टीपाशी घुटमळतो ती बहुतेक वेळा शेवटच्या पानांत असते. ती बाजूला ठेवून पुस्तकावर बोला म्हणणं मला तरी जमलं नाही.

म्हणून आम्ही एका पुस्तकाकडे परत आलो. त्यातला जाच प्रतींचा आहे आणि तो खरा आहे. आमचा अंदाज असा बसला की आठ आठवड्यांच्या हंगामात एक प्रत चौघांना पुरते, दर माणशी दोन आठवडे धरून. त्याहून कमी प्रती असल्या की प्रतीक्षा यादीतल्या शेवटच्या माणसाला पुस्तक मिळेपर्यंत समारोप होऊन गेलेला असतो, आणि तो माणूस पुढच्या वर्षी येत नाही. यावर उपाय आहेत. दोनशे पानांच्या आतलं पुस्तक घ्या. ऑडिओबुक आणि मोठ्या टायपातली आवृत्ती मिळते का ते निवड करण्याआधीच पाहा. स्वामित्वहक्क संपलेलं पुस्तक असेल तर हव्या तेवढ्या प्रती छापून घेता येतात. मुखपृष्ठावर “वाचून झालं की पुढे द्या” अशी चिठ्ठी लावलेल्या काही प्रती नोंद न करताच सोडून द्या. सगळ्या परत येणार नाहीत, पण त्या कुणाच्या तरी घरी वाचल्या जातील.

“हे लादल्यासारखं होतं” असा दुसरा आक्षेप येतो. तो मला आता तेवढा मोठा वाटत नाही. चाळिसाव्या पानावर पुस्तक ठेवून दिलेल्या माणसाला आम्ही आवर्जून बोलावतो. का ठेवलं ते त्यानं सांगायचं आणि बाकीच्यांनी पुढे काय आहे ते सांगायचं. अशा दोन माणसांनी नंतर पुस्तक पूर्ण केलं. तिसऱ्यानं केलं नाही, पण तो प्रत्येक बैठकीला आला. कुणालाही न दुखावणारं पुस्तक निवडायचं नाही, एवढं मात्र आम्ही शिकलो.

एका पुस्तकामुळे सभागृहाबाहेर जे घडतं ते विषयामुळे घडताना मला दिसलं नाही. दवाखान्याच्या बाकावर शेजारच्या अनोळखी माणसाच्या हातात तेच मुखपृष्ठ दिसतं आणि तोंडून सहज निघतं, “कुठवर आलात?” नाव-गाव न विचारता बोलणं सुरू होतं. बैठकीत कुणी म्हणतं की बापाला सगळं आधीपासून माहीत होतं, लगेच दुसरं कुणी म्हणतं, छे, एकशे बारावं पान काढा, आणि पंधरा माणसं एकदम तेच पान उघडतात. तो पानांचा आवाज मला फार आवडतो.

जोडीच्या कार्यक्रमांबद्दल थोडक्यात. विषय घेतला तर कार्यक्रम सुचायला सोपे जातात: प्रदर्शन, व्याख्यान, चित्रपट. पण त्यांतल्या बहुतेकांना यायला पुस्तक वाचलेलं असावं लागत नाही, आणि हळूहळू गर्दी कार्यक्रमांकडे झुकते. एका पुस्तकात कार्यक्रम पानांतूनच शोधावे लागतात, त्याला मेहनत पडते. अभिवाचन पहिल्या दोन आठवड्यांत ठेवावं, त्यानं रेंगाळलेले वाचक पुढे सरकतात. चित्रपट असेल तर तो चर्चेनंतर दाखवावा. आणि लेखक येणार असतील तर चर्चा आधी उरकून घ्या. लेखक समोर बसले की वाचक भिडस्त होतात, न आवडलेलं बोलत नाहीत.

तरीही काही ठिकाणी मी विषयच सुचवेन. तुमच्या वस्तीत तीन-चार भाषांचे वाचक असतील आणि एकाच पुस्तकाची भाषांतरं मिळत नसतील, किंवा हाती जेमतेम महिनाभर असेल, तर विषय बरा. मधली वाटही आहे. शिकागोनं पुढे एक पुस्तक मध्यभागी ठेवून त्याच्याभोवती हंगामभराचा विषय गुंफायला सुरुवात केली. तुमच्याकडे मनुष्यबळ असेल तर ते बहुधा सगळ्यांत उत्तम. आमच्याकडे पाच जण आहेत, आणि पाच जणांना एक पुस्तक नीट सांभाळता येतं.

येत्या हंगामाचं पुस्तक ठरलं आहे, एकशे अठ्ठ्याऐंशी पानांचं. प्रती गोळा करणं चालू आहे. त्या बाईंनी समारोपाच्या बैठकीची सूचना लिहायचं काम मागून घेतलं होतं. काल त्यांनी कागद आणून दिला. वर वेळ आणि जागा लिहिली आहे आणि खाली ठळक अक्षरांत एकच ओळ: शेवट वाचून या.