चेनचं तेल: एक अख्खा पावसाळा आणि आठ महिन्यांनंतर

सायकलची पहिली चेन मी स्वतःच मारली. तेल कमी पडून नव्हे, जास्त घालून. नवीन एमटीबी, म्हणजे माउंटन सायकल, आणली तेव्हा दर रविवारी घरातलं शिलाई मशीनचं तेल चेनवर धार धरून ओतायचो आणि तसाच मुंबईच्या आरे कॉलनीत सुटायचो. चेन काय चमकायची! पावसाळा सरता सरता चढावर जोर लावला की गिअर उड्या मारायला लागले. सायकलवाल्या काकांनी चेकर, म्हणजे चेनची झीज मोजायची पट्टी, लावला, तर ०.७५ टक्के झिजेची बाजू अलगद आत गेली. "चेन गेलीच, जाताना कॅसेटपण घेऊन गेली," म्हणाले. कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी गिअरचा संच. बिल बघून पुढचा आठवडाभर मी घरात सायकलचा विषय काढला नाही.

चेन 'ताणली' असं आपण म्हणतो, पण पट्ट्या काही ताणत नाहीत. पिन आणि तिच्याभोवतीचा भाग एकमेकांवर घासून झिजतो. प्रत्येक जोडात केसभर ढिलाई, आणि असे जोड शंभरावर. चेकर नसेल तर सुताराची स्टीलची टेप चालते. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे २४ जोडांचे बरोबर १२ इंच व्हायला हवेत. शेवटची पिन १/१६ इंच, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास, पुढे गेली असेल तर चेन बदलायची. १/८ होईपर्यंत थांबलात तर कॅसेटचे दातही तिच्याच मापाने झिजलेले असतात, मग नवी चेन त्यांच्यावर बसत नाही. माझं तेच झालं होतं.

मे महिन्यात नवी ९ स्पीडची (मागे नऊ गिअर असलेल्या सायकलची) चेन टाकली आणि चेनच्या तेलाच्या, म्हणजे ल्यूबच्या, दोन बाटल्या आणल्या, कोरड्या दिवसांसाठी ड्राय ल्यूब, पावसासाठी वेट. आधी ड्राय. मेणासारखा पातळ थर सुकून बसतो, बोट लावलं तरी काळं होत नाही. मे महिनाभर मी खूश. मग जूनच्या पहिल्या सरीत बोरिवलीच्या जेट्टीवरून फेरीने गोराईला गेलो. येताना ल्यूब धुऊन गेलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी चेन चिमण्यांसारखी चिवचिवत होती. पट्ट्यांवर तांबूस गंज. खाऱ्या हवेला एक रात्र पुरते.

मग सप्टेंबरअखेरपर्यंत वेट ल्यूब. हे चिकट, पावसाला दाद देत नाही. पण चिकट म्हणजे चिखलालाही चिकट. दोन राइडमध्ये चेन काळी कुळकुळीत, पोटरीवर पेडलजवळच्या दातेरी चाकाचा ठसा. ती काळी पेस्ट म्हणजे तेलात कालवलेला पॉलिश पेपरच. माझी पहिली चेन ह्याच पेस्टने खाल्ली होती, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

तेल आतल्या रोलरला, म्हणजे पिनेभोवती फिरणाऱ्या छोट्या नळीला, हवं असतं, बाहेरून चेन जवळजवळ कोरडीच बरी. आता करतो ते असं: राइडवरून आलो की जुन्या बनियनच्या चिंधीत चेन धरून पेडल उलटं फिरवतो, चिंधीवर काळं उमटायचं कमी होईपर्यंत. मग खालच्या बाजूच्या चेनवर, आतल्या अंगाने, एका रोलरला एक थेंब. क्विक लिंकपासून (चेन उघडायच्या जोडापासून) सुरुवात केली की फेरी कुठे संपली ते कळतं. पेडल थोडा वेळ उलटं फिरवायचं, रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी निघण्याआधी पुन्हा पुसायचं. हे दुसऱ्यांदा पुसणंच मी आधी टाळायचो. ड्राय ल्यूबला तर रात्र हवीच, ओलं असताना निघालात तर काही उपयोग नाही.

महिन्यातून एकदा चेन काढून रॉकेलऐवजी डीग्रीजरमध्ये (तेलकटपणा काढणाऱ्या द्रवात) धुतो, नीट सुकवतो, मगच तेल. एकदा घाईत चेन सायकलवरच ठेवून डीग्रीजरचा स्प्रे मारला. तो तेलकट फवारा मागच्या ब्रेकच्या डिस्कवर उडाला, आणि खाली सोसायटीच्या गेटशी ब्रेक दाबला तर हत्तीसारखा चीत्कार आणि सायकल थांबायचं नाव नाही. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून निभावली, ब्रेकचे पॅड मात्र नवे घालावे लागले. तेव्हापासून डिस्कवर प्लास्टिकची पिशवी चढवल्याशिवाय बाटलीचं बूच उघडत नाही.

एक मित्र चेन वितळलेल्या मेणात बुडवतो. त्याची चेन खरंच माझ्यापेक्षा शांत आणि स्वच्छ चालते. पण "माझ्या पातेल्यात सायकल शिजणार नाही," हा आईचा निकाल आहे, आणि पावसात दर दुसऱ्या राइडनंतर मेण वितळवत बसायची माझीही तयारी नाही.

ऑक्टोबरची धूळ सुरू झाली तसा पुन्हा ड्रायवर आलो. आता जानेवारी. एकोणीसशे किलोमीटर झाले, त्यात आरेचे खड्डे, ठाण्याजवळच्या येऊरचा चढ आणि गोराईची वाळू आली. चेकरची ०.५ ची बाजूसुद्धा अजून आत जात नाही. पहिली चेन अकराशेतच संपली होती.

दोन्ही बाटल्या अजून निम्म्या आहेत, थेंबाथेंबाने घातलं की पुरतं. तक्रार एकच. वेट ल्यूबचं टोपण पहिल्याच महिन्यात तडकलं. बाटली सध्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात उभी असते, आणि डब्यावर आईने मोठ्या अक्षरात 'खायचं नाही' लिहून ठेवलंय.