नागपुरात राहून नागपुरातच फसलो, पाहुण्यांसाठी हॉटेल आणि सफारी बघताना हे तपासून घ्या

हे लिहायला मला दोन महिने लागले कारण घरच्या पाहुण्यांसमोर झालेली गोष्ट आहे, अजूनही आठवलं की जीव कसानुसा होतो. पण आता लग्नसराई आणि मुलांच्या सुट्ट्या लागतील, कुणी ताडोबा कुणी पेंच बघायला नागपूरला उतरेल, म्हणून जसं झालं तसं सांगते.

डिसेंबरमध्ये नणंदेच्या मुलीचा साखरपुडा होता. पुण्याहून आमच्या ह्यांच्या आत्या, आतेभाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि वहिनींची आई असे सहा जण येणार होते. आमचा मानेवाड्याला दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यात सासरे आजारी, सहा माणसं झोपवणार कुठे? म्हणून ठरवलं की स्टेशनजवळ दोन रूम घेऊ, दोन दिवस आधी येतील तर एक दिवस पेंच दाखवू, आपल्याकडून पाहुणचार होईल.

मी चोवीस वर्षं नागपुरात राहते, बर्डीची प्रत्येक गल्ली मला माहीत आहे, पण नागपुरातलं हॉटेल मी आयुष्यात कधी बुक केलं नव्हतं. आपल्याच गावात कोण हॉटेलात राहतं? त्यात ८ डिसेंबरला हिवाळी अधिवेशन सुरू झालेलं, आमदार, अधिकारी, मोर्चेवाले सगळे शहरात, बऱ्या हॉटेलात विचारलं की एकतर फुल्ल नाहीतर भाव दुप्पट. शेवटी मोबाइलच्या नकाशावर स्टेशनजवळचं एक हॉटेल दिसलं, फोटो छान, रेटिंग चांगलं, खाली नंबर. फोन लावला. माणूस इतका गोड बोलून राहिला होता की काय सांगू, "ताई तुम्ही मानेवाड्याच्या का, मग आपण घरचेच." रूम बाराशे रुपये, नाश्त्यासकट. आणि मी पेंचचं नाव काढल्याबरोबर म्हणाला की आमच्याकडे पूर्ण पॅकेज आहे, दोन रूम दोन रात्री, एक सावजी डिनर, सहा जणांची जिप्सी, दिवसभराची गाडी, येताना रामटेक, सगळं मिळून १६,५०० रुपये.

मी हिशोब केला, स्वस्त वाटलं पण अशक्य वाटलं नाही. अगदीच फुकटात देतो म्हणाला असता तर शंका आली असती.

पैसे त्याने एकदम मागितले नाहीत. आधी दोन हजार, रूम अडवून ठेवायला. दुसऱ्या दिवशी तीन हजार, जिप्सी ब्लॉक करायची म्हणून. मग पाच हजार, गाडीवाल्याला द्यायचे म्हणून. प्रत्येक वेळी कारण पटण्यासारखं होतं. यूपीआयने पहिले पैसे टाकताना स्क्रीनवर हॉटेलचं नाव आलं नाही, कुण्या एका माणसाचं नाव आलं. मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "मॅनेजरचं खातं आहे ताई, हॉटेलच्या खात्यात टाकलं तर १८ टक्के जीएसटी लागेल, तुमचेच पैसे वाचवून राहिलो." मी पिन टाकला. नंतर कळलं की २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारापर्यंतच्या रूमला जीएसटी फक्त ५ टक्के आहे. म्हणजे आमच्या दोन रूमच्या दोन रात्रींच्या ४,८०० वर पूर्ण टॅक्स झाला असता २४० रुपये. त्या २४० रुपयांसाठी मी दहा हजार एका अनोळखी माणसाच्या खात्यात टाकले.

गुरुवारी सकाळी स्टेशनवर घ्यायला गेले, संत्रा मार्केटच्या बाजूने बाहेर पडलो, दोन ऑटो केल्या आणि हॉटेलवर पोचलो. काउंटरवरच्या मुलाने रजिस्टर पाहिलं, परत पाहिलं, मग मला हळूच बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम हा नंबर आमचा नाही. या आठवड्यात तुम्ही तिसऱ्या." नकाशावर 'बदल सुचवा' करून कुणीतरी त्यांचा नंबर बदलत होतं, ते दुरुस्त करायचे की परत बदलायचा. मागे वळून पाहिलं तर आत्या सोफ्यावर बॅग मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्यांचं वय ७६, रात्रभर गाडीत नीट झोप नाही.

तेव्हाच पोलिसात जायला पाहिजे होतं. पण मी त्याला फोन लावला आणि त्याने उचलला! "ताई मालकाने ओव्हरबुकिंग केलं हो, घाबरू नका, तिथून पाच मिनिटांवर दुसरी सोय करून ठेवली." फोन उचलला म्हणजे माणूस खरा असं मला वाटलं. फसवणारा फोन बंद करून पळून जातो हे डोक्यात बसलेलं असतं ना, याने तसं केलं नाही, अजून काढण्यासारखं काही शिल्लक होतं तोवर तो फोन उचलत राहिला.

दुसरी सोय म्हणजे कॉटन मार्केटकडच्या एका गल्लीतला लॉज. जिना अरुंद, रूमला खिडकी नाही, फिनाइलचा वास. गरम पाणी सकाळी ७ ते ८. ओळखपत्र कुणाचंच मागितलं नाही, रजिस्टरमध्ये सहीसुद्धा घेतली नाही. टॉवेल उघडून पाहिला तर त्याच्या कोपऱ्यावर भलत्याच लॉजचं नाव छापलेलं आणि चादर ओलसर. वहिनी माझ्याकडे बघत होत्या, मी कुठे बघू कळेना. आत्यांनी काही एक न बोलता बॅगेतून आपली सोलापुरी चादर काढली, पलंगावर अंथरली आणि म्हणाल्या, "असू दे गं, दोन रात्रींचा तर प्रश्न." वर लॉजवाल्याने त्या रात्रीचे दोन रूमचे दोन हजार रोख घेतले, म्हणे तुमचा माणूस माझ्याकडे काही देऊन गेला नाही.

रात्रीचं सावजी. खरं सावजी खायचं तर महाल, इतवारीकडे जा, भाजलेल्या मसाल्याचा काळपट रस्सा असतो, तिखट लगेच नाही लागत, दोन घास गेले की मग कानातून धूर निघतो. आत्या शाकाहारी, त्यांना मला पाटोडी रस्सा खाऊ घालायचा होता. गाडीवाला आम्हाला घेऊन गेला हायवेवरच्या एका धाब्यावर, तिथे पाटी सावजीची आणि ताटात लाल रंगाचं तेल. पाटोडी नव्हतीच. पॅकेजमध्ये फक्त "साधी थाळी" होती म्हणे, ती पण तुमच्या नावाने सांगितलेली नाही. बिल आलं २,४६०. त्यात जेवणाचे २,१३०, त्यावर २१३ रुपये सर्व्हिस चार्ज आणि मग जीएसटी. हॉटेलला सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या सूचना आहेत आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही त्या कायम ठेवल्या. मला हे माहीत होतं! तरी पाहुण्यांसमोर वाद कशाला म्हणून दिले. तुम्ही देऊ नका. चार्ज काढून बिल द्या म्हणायचं, ऐकलं नाही तर तिथेच बसून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावायचा.

आता पेंचचं. मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं, कारण मुलांनी शाळेत सांगून ठेवलं होतं. धाकट्याने सफारीसाठी म्हणून हिरवा स्वेटर घेतला होता, वाघाला लाल रंग दिसला तर तो लपेल असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. आदल्या रात्री त्या माणसाने व्हॉट्सॲपवर परमिट पाठवलं, वर वाघाचं चित्र, तारीख बरोबर, खालचा भाग कापलेला. पहाटे साडेतीनला निघायचं होतं, गाडीवाला खाली उभा, म्हणतो ३,८०० आधी द्या, मला एक रुपया मिळालेला नाही. दिले. थंडी अशी की काचेवर दव, मुलं शालीत गुंडाळलेली, सिलारी गेटवर पोचलो तेव्हा अंधारच होता.

वनरक्षकाने मोबाइल हातात घेतला, टॉर्चच्या उजेडात वाचलं आणि म्हणाला, "ताई, हे टुरिया गेटचं आहे, मध्य प्रदेशचं. आणि यातलं नाव तुमचं नाही." पेंच दोन राज्यांत आहे, आपल्याकडचं वेगळं, मध्य प्रदेशातलं वेगळं, दोघांची बुकिंग वेगळी वेगळी. परमिटवर गेटचं नाव असतं, कोअर (जंगलाचा आतला मुख्य भाग) की बफर (त्याच्या भोवतीचा भाग) ते असतं, प्रत्येक पर्यटकाचं नाव आणि ओळखपत्राचा नंबर असतो, गेटवर मूळ ओळखपत्र तपासतात. त्या माणसाने आमच्या सहा जणांचे आधार नंबर मागितलेच नव्हते. आता विचार करते तर तिथेच सगळं कळायला पाहिजे होतं, नाव आणि ओळखपत्र न घेता परमिट निघतंच कसं?

फोन लावला. आता मात्र स्विच ऑफ.

त्या सकाळी दुसरी जागा शिल्लक नव्हती. वनरक्षक भला माणूस, त्याने मुलांना शेकोटीजवळ बसवलं. गाडीवाला म्हणाला की पंधराशे द्या, कडेकडेच्या रस्त्याने फिरवतो, तिथेही वाघ दिसतो. आतेभाऊ दादांनी हात जोडून नाही म्हटलं. धाकटा रडला नाही, फक्त स्वेटरची चेन वरखाली करत बसला.

तिथून रामटेकला आलो. गडावर ऊन कोवळं होतं, माकडं मुलांच्या हातातले चणे घेत होती, वरून खाली तलाव दिसतो ते बघून मुलं जरा खुलली, मग खिंडसीला बोटिंग केलं. आत्या गडाच्या पायरीवर बसून मला म्हणाल्या, "अगं मला एष्टी फुकट आहे, मला कशाला गाडी केलीस?" खरंच आहे. पंचाहत्तरच्या पुढच्या माणसाला एसटीत तिकीट नाही, बायकांना अर्धं तिकीट आहे. गणेशपेठ स्टँडवरून रामटेकची बस मिळते, पन्नासेक किलोमीटर तर आहे. सहा जणांत आत्या फुकट, वहिनी आणि त्यांच्या आई अर्ध्यात, मुलं अर्ध्यात, काय खर्च आला असता? मी पॅकेज पॅकेज करत बसले आणि हा विचारच केला नाही.

संध्याकाळी लॉज सोडला आणि सगळ्यांना घरी आणलं. हॉलमध्ये गाद्या टाकल्या, सासऱ्यांच्या खोलीत आत्यांना दिवाण दिला, मुलं जमिनीवर मजेत झोपली. पहिल्याच दिवशी हे केलं असतं तर चाललं असतं.

पोलिसांचं सांगते. मी साखरपुडा उरकेपर्यंत थांबले, सोमवारी १९३० ला फोन केला. पलीकडच्या बाईंनी रक्कम, वेळ, व्यवहाराचा यूटीआर नंबर सगळं विचारलं आणि म्हणाल्या की लगेच कळवलं असतं तर समोरच्या खात्यात पैसे अडवून ठेवता आले असते, आता पैसे पुढे गेलेले दिसतात. तुमच्याबाबतीत असं झालं तर पाहुणे समोर बसलेले असू देत, आधी १९३० लावा. मग त्याच नंबरचे स्क्रीनशॉट, चॅट, परमिटचा तो कापलेला फोटो घेऊन पोलीस ठाण्यात अर्ज द्या, मी दिला आहे.

त्यानंतर फेब्रुवारीत माझ्या भावाचे सासरचे लोक आले होते, तेव्हा मी काय केलं तर स्कूटीवर स्वतः गेले, वीस मिनिटं लागली, तीन हॉटेलं पाहिली, बाथरूमचा नळ सोडून पाहिला आणि काउंटरवर पैसे भरून हॉटेलच्या नावाची जीएसटी नंबर असलेली पावती घेतली. गावात आपलं कुणी नसेल तर हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरचा नंबर, नकाशावरचा नंबर आणि बुकिंग ॲपवरचा नंबर तिन्ही जुळवून बघा, व्हिडिओ कॉलवर रिसेप्शन दाखवायला सांगा, आणि शक्यतो पोचल्यावर पैसे देण्याचा पर्याय घ्या. पैसे टाकताना माणसाचं नाव आलं तर थांबा. सफारी फक्त वनविभागाच्या साइटवरून, पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना ते बघा. ताडोब्याच्या कोअरचं कुणी मंगळवारचं बुकिंग देत असेल तर फोन ठेवून द्या, मंगळवारी कोअर बंद असतं. आणि गेट विचारा, मोहर्ली, कोलारा म्हणजे कोअर, आगरझरी, जुनोना म्हणजे बफर. बफर वाईट नाही, तिथेही वाघ दिसतो, पण कोअरचे पैसे घेऊन बफरला पाठवणारे पुष्कळ आहेत. खाण्यासाठी पॅकेज नकोच, सकाळी कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खा, सावजी कुठलं ते ऑटोवाल्याला नाही, एखाद्या किराणा दुकानात विचारा.

मागच्या आठवड्यात बर्डीला गेले होते तेव्हा मुद्दाम त्या खऱ्या हॉटेलात डोकावले. काउंटरवर आता मोठ्या अक्षरात आपला नंबर चिकटवला आहे. तो मुलगा म्हणाला की त्यांनीही तक्रार दिली आहे, पण अजून कधीतरी बॅगा घेऊन एखादं कुटुंब येतं आणि नाव सांगून उभं राहतं. त्या नंबरवर तुमचेही पैसे गेले असतील तर थोडे आहेत म्हणून सोडून देऊ नका, ठाण्यातल्या साहेबांनी मला सांगितलं की एकाच खात्यावर पाच-सहा तक्रारी आल्या तर त्यांना पुढे हात घालायला सोपं जातं.