क्रेडिट रिपोर्टवर लक्ष ठेवणारी सेवा, काही महिने वापरल्यानंतर: बँक काय काय बघते आणि त्यातलं आपल्याला किती दिसतं

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर मशिनिंग करून देतो. शॉप मिस्टर बघतात. हिशोब, जीएसटी आणि बँकेची कागदपत्रं माझ्याकडे. सीसी लिमिट (कॅश क्रेडिट, ठराविक मर्यादेपर्यंत लागतील तसे उचलायचे पैसे), व्हीएमसी मशीनचं टर्म लोन (हप्त्यानं फेडायचं कर्ज), अडीनडीला केलेलं सोनेतारण, असं काही ना काही कायम चालूच असतं. प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीचा धंदा असल्यामुळे हे सगळं मिस्टरांच्या पॅनवर, म्हणजे त्यांच्या वैयक्तिक क्रेडिट फाइलमध्ये जातं. म्हणून गेल्या वर्षी एका क्रेडिट ब्युरोची, म्हणजे कुणाचं कुठं किती कर्ज आहे आणि ते कसं फेडलं जातंय याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीची, पैसे भरायची सदस्यता घेतली. फाइलमध्ये काही हललं की मेसेज, आणि हवा तेव्हा रिपोर्ट, असं त्यांचं म्हणणं होतं. मुदत आता संपत आली आहे. पुन्हा पैसे भरावेत की नाही असा प्रश्न इथं बऱ्याच जणांना पडतो, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी जे चांगलं चाललं ते. मशीनचं कर्ज घेताना आम्ही मॅनेजरांसमोर बसलेलो असतानाच मोबाइलवर मेसेज आला: अमुक बँकेनं तुमचा रिपोर्ट बघितला. घरी येऊन रिपोर्ट उघडला तर एन्क्वायरीच्या भागात बँकेचं नाव, तारीख, कर्जाचा प्रकार आणि रक्कम सगळं बरोबर. आपण अर्ज केला, बँकेनं रिपोर्ट काढला, त्याची नोंद पडली. ही हार्ड एन्क्वायरी. ती पुढच्या प्रत्येक बँकेला दिसते आणि थोड्या काळात अशा बऱ्याच पडल्या की हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय असा अर्थ घेतला जातो.

असा मेसेज मिळणं हा आता आपला हक्क आहे, त्यासाठी सदस्यतेची गरज नाही. रिझर्व्ह बँकेनं २६ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकानं ब्युरोंना ते बंधनकारक केलं आणि सहा महिन्यांनी, एप्रिल २०२४ पासून ते लागू झालं. फक्त ब्युरोकडे आपला चालू मोबाइल नंबर किंवा ईमेल पाहिजे. तो तिथं बँकेकडून जातो. जुन्या कर्जाला दिलेला बंद पडलेला नंबर फाइलमध्ये असेल तर मेसेज जाणार तिकडेच. सदस्यता घेण्याआधी एवढं एक काम करा: ज्या ज्या ठिकाणी कर्ज आहे तिथं नंबर बदलून घ्या.

या मेसेजचा खरा उपयोग झाला तो शॉपसाठी टेम्पो बघायला गेलो तेव्हा. शोरूममधल्या फायनान्सच्या माणसानं पॅन आणि आधार घेतलं आणि ‘बघूया कुठं बसतंय’ म्हणाला. त्या दिवशी एकापाठोपाठ एक मेसेज येत राहिले, कारण त्यानं कागद एकाऐवजी अनेक फायनान्स कंपन्यांकडे पाठवले होते. टेम्पो घेतलाच नाही, पण नोंदी पडायच्या त्या पडल्या. शोरूममध्ये पॅन हातात देण्याआधी कोणत्या कंपनीकडे पाठवणार हे विचारा आणि तेवढ्याच एकीला परवानगी आहे हे फॉर्मवर लिहून सही करा. आता आम्ही हेच करतो आणि कुणी आडवं आलेलं नाही.

त्यातली एक कंपनी अशी निघाली की तिचं नावही आम्ही ऐकलं नव्हतं, सही तर लांबच. सदस्यतेच्या अ‍ॅपमधून तक्रार टाकली. ब्युरो स्वतःहून काहीही खोडत नाही, ते कर्ज देणाऱ्या संस्थेला विचारतात आणि तिनं मान्य केलं तरच नोंद बदलते. तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. या तीस दिवसांतले पहिले २१ संस्थेच्या वाट्याचे. तिनं उशीर केला तर पैसे तिनं द्यायचे, ब्युरोनं केला तर ब्युरोनं. आमची नोंद मुदतीच्या आत निघाली. नसती निघाली तर पुढे लोकपालाकडे जाता आलं असतं, कारण सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट ब्युरोही रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेखाली आलेत. ती तक्रार ऑनलाइन करता येते, ईमेलनं किंवा पोस्टानंही पाठवता येते. मात्र यात सदस्यतेचं वेगळं असं काही नाही, ही तक्रार फुकट खात्यावरूनही करता येते.

आता ज्यासाठी लिहायला बसले त्याबद्दल.

धाकट्या दिरांनी एका नागरी सहकारी बँकेतून कर्ज घेतलंय, त्याला मिस्टर जामीन आहेत. आपल्याकडे जामीन राहणं म्हणजे घरचा शब्द, सही करून माणूस मोकळा होतो. पण जामीनदाराच्या फाइलमध्ये ते कर्ज पूर्ण दिसतं. त्यापुढे जामीनदार असं लिहिलेलं असतं आणि हप्त्याला जितके दिवस उशीर झाला तितके दिवस महिन्यावार दिसतात. एका महिन्यात भाऊजींचा हप्ता उशिरा गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या सीसीच्या बँकेतून फोन: ‘काय मालक, बंधूंच्या कर्जाचा हप्ता पुढं-मागं व्हायलाय काय हो?’ ही वेगळी बँक. तिथं आम्ही काही अर्ज केला नव्हता आणि लिमिटचं नूतनीकरण अजून लांब होतं. मी लगेच अ‍ॅप उघडलं. मेसेज नाही, एन्क्वायरी नाही. रिपोर्ट पुन्हा काढला, तरीही त्या बँकेचं नाव कुठं नाही.

फोन करणारे अधिकारी सरळ माणूस आहेत. मी बँकेत जाऊन विचारलं तेव्हा त्यांनी लपवलं नाही. बँक आपल्या चालू कर्जदारांची यादी ठराविक काळानं ब्युरोकडे पाठवते. नाव, पॅन, जन्मतारीख, मोबाइल यांवरून ब्युरो माणूस जुळवतं आणि प्रत्येकाचा ताजा स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासावरून ब्युरो देतं ते गुण), इतर ठिकाणची कर्जं, थकलेले हप्ते असं सगळं परत देतं. बँकेत याला पोर्टफोलिओ रिव्ह्यू म्हणतात, रोजच्या बोलण्यात स्क्रब. दुसरी सेवा ट्रिगरची. कर्जदारानं दुसरीकडे कर्ज काढलं, कुठं अर्ज केला किंवा हप्ता चुकवला की ब्युरो स्वतःहून बँकेला कळवतं. एकेक रिपोर्ट उघडून बघायची गरज नाही, यादीच येते. ही सॉफ्ट एन्क्वायरी धरली जाते. त्यानं स्कोअर खाली जात नाही, दुसऱ्या बँकेला ती दिसत नाही आणि आमच्या रिपोर्टमध्येही ती आली नाही.

मग मला वाटलं, २०२३ चा नियम आहे की, रिपोर्ट बघितला की मेसेज यायला पाहिजे. म्हणून मूळ परिपत्रक वाचलं. मेसेज पाठवण्याच्या कलमातच पुढे एक वाक्य आहे: एन्क्वायरी ग्राहकाच्या रिपोर्टमध्ये उमटत असेल तेव्हाच मेसेज पाठवायचा. म्हणजे जे बघणं रिपोर्टमध्ये उमटत नाही, त्याचा मेसेजही नाही. फुकट मेसेज असो की पैसे भरलेली सदस्यता, दोन्हीची नजर त्याच एन्क्वायरीच्या भागावर असते. लक्ष ठेवणारी सेवा म्हणून जे आपण विकत घेतो ते बँकेच्या बघण्याच्या एकाच प्रकारावर लक्ष ठेवतं. दुसरा प्रकार, जो माझ्या अंदाजानं जास्त वेळा घडतो, तिच्या आवाक्यात नाही, आणि हे विकताना कुणी सांगत नाही. मी या सेवेचे गुण कापते ते इथं.

बँकेनं बघूच नये असं माझं म्हणणं नाही. तिचे पैसे आमच्याकडे आहेत, आमची तब्येत कशी आहे हे तिनं बघणारच. कर्जाच्या करारात बारीक अक्षरांत त्याची संमती असते आणि तिच्यावर आमची सही असते. क्रेडिट माहिती कंपन्यांचा २००५ चा कायदाही कर्ज देणाऱ्या संस्थांना हे करू देतो. उलट ज्याला अधिकार नाही अशा कुणी फाइल मिळवली तर एक लाखापर्यंत दंड त्यातच आहे. पण अधिकार नसताना कुणी बघितलं हे मला कळणार कसं, बघितल्याची खूणच मला दाखवली जात नसेल तर? अमेरिकेत माणूस स्वतःचा रिपोर्ट काढतो तेव्हा अशा सॉफ्ट एन्क्वायरीही त्याला दिसतात, अगदी ऑफर देण्यासाठी कोणत्या कंपनीनं नाव उचललं तेसुद्धा. दुसऱ्या कर्जदात्यांना त्या दिसत नाहीत, त्यामुळे कुणाचं नुकसानही होत नाही. आपल्याकडे हे व्हायला काय हरकत आहे? नोंद ब्युरोकडे असणारच, कारण या सेवेचे पैसे ते बँकेकडून घेतात.

प्री-अप्रूव्ह्ड कर्जाच्या मेसेजचं मूळही बऱ्याचदा इथंच असतं. सोनेतारण एका ठिकाणी फिटलं की दुसरीकडून लगेच ऑफर येते, हा योगायोग नसतो. जानेवारी २०२५ पासून बँकांना माहिती महिन्यातून किमान दोनदा ब्युरोकडे द्यावी लागते. आमचं फिटलेलं सोनेतारण पूर्वीपेक्षा लवकर बंद दिसलं हा त्याचा फायदा, पण उशिरा गेलेला हप्ताही तितक्याच लवकर सगळीकडे पोचतो. जामीन राहिलेल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. फुकट स्कोअर दाखवणाऱ्या अ‍ॅपचंही तेच. पहिल्या स्क्रीनवर ‘सहमत’ दाबताना आपण पुन्हा पुन्हा रिपोर्ट बघायची परवानगी देत असतो. मी ती अ‍ॅप काढून टाकली, आणि काढण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन संमती मागे घेतली.

सदस्यता मी पुन्हा घेणार नाही. ज्यांची फाइल कुणी वापरली अशी शंका आहे, किंवा जे येत्या काही महिन्यांत मोठं कर्ज काढणार आहेत, त्यांनी वाटल्यास थोड्या मुदतीची घ्यावी, तेवढ्यापुरती ती कामाची आहे. बाकीच्यांना फुकट रिपोर्ट पुरतो. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चौघांनीही दरवर्षी प्रत्येकाला स्कोअरसकट एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. कर्ज देणाऱ्या संस्थांना चारही ठिकाणी माहिती द्यावीच लागते, पण नोंदी कधी कधी पुढे-मागे असतात. म्हणून मी चौघांचे चार रिपोर्ट वर्षभरात विभागून काढते: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. मिस्टरांचे आणि माझे वेगळे. सासूबाईंच्या नावावर सोनेतारण आहे, त्यांचेही काढते. त्यांचा ओटीपी त्यांच्याच फोनवर येतो, म्हणून त्या जवळ असतील तेव्हाच ते काम करायचं. स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढल्यानं स्कोअर कमी होतो ही भीती मात्र अजून लोकांच्या मनातून जात नाही. तो कमी होत नाही.

यानंतर आम्ही सीसीच्या बँकेला एक पत्र दिलं आणि त्याची पोच घेतली. ऑफर देण्यासाठी आमची क्रेडिट माहिती वापरायची संमती मागे घेतो, आणि चालू कर्जाच्या आढाव्यासाठी गेल्या वर्षात आमची माहिती कधी कधी मागवली त्या तारखा कळवाव्यात, एवढंच त्यात लिहिलं होतं. ऑफरचे मेसेज थांबले. तारखांबद्दल उत्तर आलं की आढावा कराराप्रमाणे होतो आणि अशा तारखा ग्राहकाला देण्याची पद्धत नाही. त्यावर दुसरं पत्र दिलंय: पद्धत नसेल तर नाही म्हणायला आधार कोणत्या नियमाचा, तो नियम लेखी कळवावा. त्याचं उत्तर अजून यायचंय.